नकार आणि मुदत

वर्सोव्यात आम्ही सातआठ जण महिन्यातून एकदा एका पुस्तकावर बोलायला जमतो. गेल्या खेपेला जॉर्जेट हेयरची ‘कोटिलियन’ ही १९५३ सालची कादंबरी होती. काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा, स्थळ इंग्लंड. किटी चेरिंग ही अनाथ मुलगी. तिला वाढवणाऱ्या कंजूष म्हाताऱ्याची अट अशी, की माझ्या नात्यातल्या मुलांपैकी एकाशी लग्न केलेस तरच इस्टेट तुझी. त्या मुलांपैकी तिच्या मनातला जॅक मुद्दामच फिरकत नाही. मग ती त्यांच्यातल्याच भल्या स्वभावाच्या फ्रेडीला गळ घालते: आपले लग्न ठरले असे खोटेच सांगू, म्हणजे मला महिनाभर लंडनला राहता येईल. पुढे धावपळ, पळून जाणे, गुपचूप लग्न, आणि अखेर किटी-फ्रेडीचे खोटे नाते खरे होते.

पुस्तक सगळ्यांनी दोन बैठकींत संपवले होते आणि सगळ्यांनाच त्याची थोडी लाज वाटत होती. एकाने ‘पलायनवाद’ म्हटले. ज्या पुस्तकात पानोपानी कोणाकडे किती पैसा आणि तो कोणाच्या हातात याचाच हिशेब आहे, त्याला पलायन म्हणणाऱ्याने ते नीट वाचलेले नाही. दुसऱ्याने त्या काळी असे घडत नसे म्हणून सांगितले. कादंबरी ही बखर नव्हे, एवढे उत्तर पुरे. पण तिसरी म्हणाली, “एवढा खटाटोप करून शेवटी लग्नच केले ना?” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. बाईच्या प्रत्येक कथेला आपण आज हाच एक प्रश्न विचारतो: तिने नकार दिला का? दिला तर ती स्वतंत्र, नाही तर व्यवस्थेला शरण.

आधी पुस्तकापुरते बोलतो. लग्न केले हे खरे, पण कोणाशी? पहिल्या प्रकरणात जॅकने मागणी घातली असती तर किटीने तत्क्षणी होकार दिला असता. शेवटी तोच जॅक आपणहून मागणी घालतो आणि ती नाही म्हणते. ज्या नकाराची आपण चातकासारखी वाट पाहतो तो पुस्तकात आहेच. सुरुवातीला तो तिच्यापाशी नव्हता, मधल्या महिन्यात तो तयार झाला.

आणि त्या महिन्यात तिने केले काय? त्याच मुलांपैकी, आईच्या धाकात पिचलेल्या डॉल्फिन्टनचे त्याच्या मनातल्या मुलीशी लग्न लावून देण्यासाठी तिने धावपळ केली. जिची आई तिला चांगल्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बाजारात उभी करत होती, त्या ऑलिव्हियाला प्रियकराबरोबर फ्रान्सला निघून जायला हात दिला. हे सारे बाजूला सारून फक्त शेवटचे पान मोजणे, ही कुठली स्त्रीवादी नजर? मुलीच्या आयुष्याविषयी ‘कुठे दिली?’ एवढेच विचारणाऱ्या जुन्या मंडळींचीच ही सवय. आपण फक्त अपेक्षित उत्तर बदलले, प्रश्न तोच ठेवला.

माझे म्हणणे असे, की होकार आणि नकार यांच्यामध्ये तिसरी एक गोष्ट असते. तिला मी मुदत म्हणेन. खोटा साखरपुडा म्हणजे मुदत. आपल्याला ती परकी नाही. १८८२ मध्ये रंगभूमीवर आलेले किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ आठवा. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचे ठरवले आहे. कृष्ण थोरल्या भावाला तोंडावर नाही म्हणत नाही. होकाराच्या आडून तो दिवस काढतो आणि यतीच्या वेषातला अर्जुन घरात येतो. प्रेक्षकांनी त्या दिवस काढण्याला पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या दिल्या. मात्र तिथे मुदत भाऊ मिळवतो. किटी ती स्वतः मिळवते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईत दादाजी भिकाजीने आपल्या बायकोवर, रखमाबाईवर, ती नांदायला येत नाही म्हणून दावा लावला. नकाराचे याहून लखलखीत उदाहरण आपल्याकडे नाही. १८८५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंग चालेल म्हटले. पण हा नकार आभाळातून पडला नव्हता. अकराव्या वर्षी लग्न झाल्यावरही ती सासरी न जाता सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिली, वाचत राहिली. मधली ती वर्षे काढून टाका आणि मग सांगा, न्यायालयात उभी राहणारी रखमाबाई कुठून आणणार? तिने कसले ढोंग केले नव्हते, म्हणून तुलना ताणू नये हे मला कळते. तरी नकाराच्या पाठीमागे मुदत असते एवढे त्यातून दिसतेच.

सगळेच खोटे मला मान्य आहे असा याचा अर्थ नाही. साखरपुडा खोटा आहे हे फ्रेडीला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्याला अंधारात ठेवले असते तर ती निव्वळ लबाडी ठरली असती. दोघांना माहीत असलेले खोटे आणि एकालाच माहीत असलेले खोटे यांत माझ्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात दोघे मिळून बाहेरच्या अन्यायाकडून वेळ घेतात. दुसऱ्यात एक जण दुसऱ्याचा वेळ चोरतो. आणि ज्याला मुदत मागावी लागते तो मोकळा नसतोच, हेही मान्य. पण जो मोकळा नाही त्याने आधी मोकळे व्हावे आणि मगच जगायला लागावे, असे म्हणणारा त्याचे भले करत नाही.

दोघांना माहीत असलेले असे एक खोटे मी जवळून पाहिले. आमच्या इमारतीत, यारी रोडला, एक मुलगा आणि मुलगी भाड्याने राहायला आले. लग्न न झालेल्यांना घर मिळेना, म्हणून त्यांनी सोसायटीत साखरपुडा झाल्याचे सांगितले. अंगठी अंधेरी स्टेशनबाहेरच्या टपरीवरची होती. फाटकाशी आल्यावर मुलगी ती पर्सच्या आतल्या कप्प्यातून काढायची, बोटात घालायची आणि मग वॉचमनच्या वहीत सही करायची. रात्री दोन वाजतासुद्धा. जिन्यात भेट झाली की कधी थकलेली दिसे, कधी खुशीत. दीड वर्षाने दोघे वेगवेगळ्या दिशांना गेले.

शेजारी अजून विचारतात, त्यांनी मग लग्न केले का? मी सांगतो, ती संकलन शिकायला आली होती, शिकली, आणि आता त्यावरच पोट भरते. त्यावर ते पुन्हा विचारतात, ते ठीक, पण लग्न?