चित्रपटगृहांतील अश्रू

आपले आवडते चित्रपट कोणते, असा प्रश्न विद्यार्थी पुष्कळदां विचारतात, आणि उत्तर देतांना माझी थोडी तारांबळ उडते. 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'ब्रह्मचारी' (१९३८) यांना एका पंक्तीस बसविणें विचित्र दिसेल. पण मला दोन्ही सारखेच प्रिय आहेत. पहिल्यांत वैकुंठास निघालेल्या तुकोबांपेक्षां संसार न सोडणारी जिजाई मला अधिक आठवते. दुसऱ्यांत ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेची मास्टर विनायकांनीं जी फजिती केली आहे, ती आठवून मी अजूनहि एकटाच हंसतों. हंसण्याविषयीं मनाला टोंचणी लागत नाहीं. ती लागते रडण्याविषयीं.

दुसऱ्याचें दुःख पाहण्यांत आपल्याला सुख कां वाटावें? सेंट ऑगस्टिननें हा प्रश्न आपल्या आत्मवृत्तांत विचारला आहे. प्रेक्षकाला मदतीस बोलावलेलें नसतें, नुसता शोक करावयास बोलावलेलें असतें, ही त्याची तक्रार. आपल्याकडे अभिनवगुप्तानें उत्तर निराळें दिलें: रंगभूमीवरचा शोक ना माझा, ना परक्याचा, तो कोणा एकाचा राहत नाहीं, म्हणूनच आस्वाद्य होतो. 'श्वास' (२००४) पाहतांना हें मला पूर्णपणें पटतें. दृष्टि जाण्यापूर्वीं नातवाला जग डोळेभर दाखवूं पाहणारा तो आजोबा कोणाचाहि आजोबा होऊं शकतो. तेथें अपराधी कोणी नाहीं; रोग आहे.

परंतु जेथें अपराधी आहे, आणि तो कदाचित् तिसऱ्या रांगेंत तिकीट काढून बसलेला आहे, तेथें?

'अछूत कन्या' हा १९३६ सालचा चित्रपट आमच्या बोरिवलीपासून दोन स्थानकांवर, मालाडच्या बॉम्बे टॉकीजनें काढला. (तो स्टूडिओ केव्हांच बंद पडला, नांव मात्र त्या आवाराला चिकटून आहे.) रेल्वेच्या फाटकवाल्याची कस्तुरी आणि ब्राह्मणाचा प्रताप यांचें लग्न होऊं शकत नाहीं, आणि शेवटीं आगगाडी थांबवूं जातां कस्तुरीच प्राणास मुकते. त्या काळीं असा विषय घेणें धाडसाचें होतें, हें मान्य. तरी ती आगगाडी मला फार सोयीची वाटते. देविकाराणीसाठीं पोटभर रडून प्रेक्षक स्वस्थ चित्तानें घरीं जाऊं शकतो. जिवंत कस्तुरीचें काय करावयाचें, हा प्रश्न गाडीनेंच सोडविलेला असतो. जिच्या हातचें पाणी चालत नव्हतें, तिच्यासाठीं डोळ्यांतलें पाणी मात्र चाललें!

'फँड्री'च्या (२०१३) शेवटीं जब्यानें भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. माझ्या परिचयाच्या एका सुसंस्कृत गृहस्थांना हा शेवट अरसिक वाटला. रसाच्या दृष्टीनें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. साधारणीकरण तेथें मोडतेंच. पण तें मोडावें, हीच नागराज मंजुळे यांची इच्छा असावी.

'कोर्ट' (२०१४) तर रडूंच देत नाहीं. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूबद्दल वृद्ध शाहिरावर खटला चालतो: म्हणे, याच्या गाण्यानें त्यानें आत्महत्या केली. त्याच्या विरुद्ध युक्तिवाद करणाऱ्या सरकारी वकीलबाई कोणी दुष्ट स्त्री नाहींत. त्या लोकलनें घरीं जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशीं सहकुटुंब मराठी नाटक पाहतात. आमच्या सोसायटीच्या प्रत्येक जिन्यावर अशी एक गृहिणी भेटेल. चित्रपट संपला तेव्हां माझे डोळे कोरडे होते. परततांना स्टेशनच्या पुलावर पत्नीनें विचारलें, "अहो, त्या बाईंचं चुकलं तरी नेमकं काय?" गाडी आली, आम्हांला बसावयास जागाहि मिळाली, आणि बोरिवली येईपर्यंत आम्ही दोघेंहि कांहीं बोललों नाहीं.