गुडघ्याएवढे गाव

इंग्लंडमधील बेकन्सफील्ड येथे एका बागेत एक चिमुकले गाव वसलेले आहे. रोलंड कॅलिंगहॅम नावाच्या लंडनच्या लेखापालाने ते हौसेने उभारले आणि १९२९ साली ते लोकांसाठी खुले झाले. बेकनस्कॉट हे त्याचे नाव. मूळ वस्तूच्या बाराव्या हिश्श्याएवढी घरे, चर्च, दुकाने, रुळांवरून धावणारी आगगाडी; पाहणाऱ्याच्या गुडघ्यापाशी सारे गाव संपते. अशा गावाविषयी नुसते वाचले तरी मन हळवे होते. असे का व्हावे?

काळाबरोबर राहावे म्हणून मध्यंतरी तेथे नव्या धाटणीच्या इमारती आल्या होत्या. १९९०च्या दशकात चालकांनी त्या काढल्या आणि गाव पुन्हा १९३०च्या दशकातले केले. बालकांची लाडकी लेखिका एनिड ब्लायटन हिचे बेकन्सफील्डमधील राहते घर १९७३ साली पाडण्यात आले. त्याची प्रतिकृती मात्र या बागेत जपलेली आहे. जे आपण राखू शकलो नाही, ते निदान खेळण्याच्या रूपाने तरी राहावे, ही माणसाची ओढ समजण्याजोगी आहे. स्मरण हेही कृतज्ञतेचेच एक रूप नव्हे काय?

परंतु ज्या दशकात हे गाव गोठवलेले आहे, त्याच दशकात, १९३६ साली, इंग्लंडच्या उत्तरेकडील जॅरो या शहरातून सुमारे २०० बेकार पुरुष काम मागण्यासाठी लंडनपर्यंत पायी चालत गेले. तेथील जहाजबांधणीची गोदी बंद पडली होती. चिमुकल्या गावाला ही भूक ठाऊक नाही. तेथील कोणीही आपल्या दाराशी येऊन काही मागत नाही. त्या गावाच्या मोहिनीचे एक कारण हेच असावे. तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण शेजारी कोणीच नाही. आणि शेजाऱ्यावाचून प्रीतीची आज्ञा पाळायची तरी कोठे?

आपणही दर नाताळात एक लहानसे गाव उभारतो. १२२३ साली संत फ्रान्सिसने ग्रेचो येथे गव्हाण मांडून, खराखुरा बैल व गाढव आणून ख्रिस्तजन्माचे दृश्य लोकांपुढे ठेवले. आपला नाताळचा गोठा त्याच परंपरेतला. तोही सुबक असतो, दिव्यांनी उजळलेला असतो. तथापि त्यामागची कथा गोड नाही. त्या गावातील उतारशाळेत एका गर्भवतीला जागा मिळाली नव्हती. पुढे हेरोदाच्या आज्ञेने तेथील बालकांची हत्या झाली. बंद दार आणि मातांचा आक्रोश शुभवर्तमानाने झाकून ठेवलेला नाही. बागेतल्या गावापुढे उभे राहिले की आपण मोठे होतो. गव्हाणीपुढे गुडघे टेकावे लागतात, कारण तेथे परमेश्वरच लहान झाला आहे.

आज वसईच्या गावांतून जुन्या घरांच्या, विहिरींच्या, वाड्यांच्या आठवणी आपण मोठ्या मायेने सांगतो. त्या अवश्य सांगाव्यात, लिहूनही ठेवाव्यात. मात्र ते गाव मनात पुन्हा वसवताना, तेव्हा आपल्या ओट्यावर कोणाला बसू दिले जात होते आणि कोणाला अंगणाबाहेरच उभे राहावे लागत होते, तेही आठवावे. तसे केले म्हणजे ते गाव काहीसे कमी सुंदर दिसेल. पण ज्यांना तेव्हा दार उघडले गेले नाही, त्यांची मुले-नातवंडे आजही आपल्या शेजारीच राहत आहेत, हे आपल्या ध्यानी येईल.