तिसऱ्या पानावरचं वाक्य

मिरची कांडपाचा धंदा वर्षातून तीनच महिने जोरात चालतो. उन्हं तापायला लागली की गडहिंग्लजच्या आसपासच्या गावांतल्या बायका अंगणात संकेश्वरी मिरची वाळत घालतात, देठं खुडतात, धणे-खोबरं-तीळ भाजून डब्यांत भरतात आणि कांडपावर येऊन बसतात. टाकून जात नाहीत, बसतात. नाकाला पदर, डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका. पण आपली मिरची उखळात पडून तिची चटणी आपल्याच डब्यात येईपर्यंत एकही जागची हलत नाही. पुढच्या बाईची जुनी मिरची आपल्यात मिसळली तर? लोखंडी मुसळं धाडधाड आदळत असतात आणि मालकिणीच्या नात्यातली बाईसुद्धा डोळ्यांत तेल घालून बघत असते.

अशाच एका कांडपवालीच्या घरात बी.कॉम. झालेली सून आली. उरलेले नऊ महिने मशीन धूळ खात पडतं, हे तिला बघवेना. चटणी आपणच करून पाकिटात विकू, असं तिनं काढलं. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारनं २०२० मध्ये योजना आणली होती. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळायचं. बाकी बँकेचं कर्ज आणि थोडी आपली भर. त्यासाठी प्रकल्प अहवाल लागायचा. तालुक्याच्या गावी एकानं पैसे घेऊन तो झटपट करून दिला, स्पायरल बाइंडिंगसकट.

तिसऱ्या पानावर चौकटीत ‘व्हिजन’ होतं. सुनेनं मोठ्यानं वाचलं : “नावीन्यपूर्ण व जागतिक दर्जाच्या उत्पादनांद्वारे ग्राहकांचे सर्वोच्च समाधान साधून क्षेत्रातील अग्रगण्य ब्रँड म्हणून नावारूपास येणे.”

सासू म्हणाली, “झ्याक हाय. पर ह्यात मिरची कुठं हाय?”

सून हसली. पुढं आठवड्याभरात कळलं की शेजारच्या गावातल्या दूध डेअरीच्या अहवालातही हेच वाक्य आहे, स्वल्पविरामासकट. तरी तिनं ते बदललं नाही. बँकेला चालतंय ना, मग झालं. अशी वाक्यं पुष्कळ दुकानांत चौकटीत टांगलेली असतात. ती कुणी वाचत नाही म्हणून कुणाचं काही बिघडतही नाही.

बिघडलं ते एक व्यापारी आला तेव्हा. धाब्यांना माल पुरवणारा, बोलायला गोड. महिन्याला पाच क्विंटल चटणी पाहिजे, मिरची तोच आणून टाकणार, पाकिटावर नाव मात्र ह्यांच्या कांडपाचं. “रंगबिंग काही नको हं वहिनी, बेकायदा काहीच नाही. शीतगृहातली गेल्या सालची मिरची, एवढंच.” सुनेनं मोबाइलवर हिशेब केला. कर्जाचा हप्ता सुटून वर उरत होतं.

“आत्ती, हो म्हणूया?”

“मला काय इचारतीस? त्या तुज्या चौकटीला इचार की.”

सासू हे टोमण्यानंच म्हणाली होती; पण सुनेनं रात्री खरंच अहवाल उघडला. अग्रगण्य ब्रँड व्हायचंय? मग हो म्हण. ग्राहकांचं समाधान? धाबेवाले खूश होतील, हो म्हण. उद्या कुणी शेवया करायला सांगितल्या असत्या, तरी त्या वाक्यानं मान डोलावलीच असती. नाही म्हणायची ताकदच त्यात नव्हती.

कॉलेजात ती लिज्जत पापडाचं उदाहरण शिकली होती. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, एवढं परीक्षेपुरतं पाठ होतं. आता तिला त्यातली पुढची गोष्ट आठवली. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करायच्या. एक चांगला, एक स्वस्तातला. त्यांना वाट दाखवणाऱ्या छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं की प्रत एकच ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. स्वस्त पापडाला गिऱ्हाईक असणारच, तरी तो बंद करायचा. ८० रुपयांच्या उसनवारीवर उभ्या असलेल्या धंद्यात हे सोपं गेलं नसणार.

दुसऱ्या दिवशी तिनं वही घेतली आणि कांडपावर बसलेल्या बायकांनाच विचारत सुटली : पाकिटातली चटणी का घेत नाही? उत्तरं वेगवेगळी, पण सगळ्यांचा रोख एकीकडंच. “मिरची कुठली असतीया काय म्हाईत.” नोकरी करणारी एक मास्तरीण म्हणाली, “मला इथं दोन तास बसायला सवड नाही. पण न बघता घ्यायची भीती वाटते.”

वाक्य तिथंच मिळालं होतं, ते कागदावर आणायला मात्र चार संध्याकाळी गेल्या. पहिल्यांदा सुनेनं ‘महाराष्ट्रातील घराघरात’ लिहिलं. सासूनं विचारलं, नागपूरला चटणी कोण पोचवणार, तुझा सासरा? ते गेलं. मग ‘दर्जेदार’ आणि ‘विश्वासार्ह’ आले. “दर्जेदार न्हाई असं कोन लिवतंय?” तेही गेले. शेवटी उरलं ते असं :

“पाच वर्षांत आपल्या तालुक्यातल्या ज्या घरांना कांडपावर बसायला सवड नाही, त्यांना बसून बघितल्याइतकी खात्रीची चटणी मिळेल. प्रत्येक पाकिटावर मिरची कुठल्या गावची आणि कुठल्या सालची ते लिहिलेलं असेल.”

बँकेच्या साहेबांना ते जरा गावठी वाटलं. जुनं बरं होतं, म्हणाले. पण कर्जाला त्यांची हरकत नव्हती.

व्यापाऱ्याला सुनेनं नवं वाक्य वाचून दाखवलं. पाकिटावर ‘शीतगृह, गेल्या सालची’ असं छापायला तो तयार होईना. चहा घेऊन निघून गेला. सुनेनं मोठं पॅकिंग मशीन अहवालातून काढून टाकलं, हाताचं सीलर घेतलं. कर्जाचा आकडा निम्म्यावर आला. पहिल्या वर्षी हातात फारसं काही राहिलं नाही. ते व्यापाऱ्याचे पैसे सासूला अधूनमधून आठवायचे आणि ती ते बोलूनही दाखवायची.

पुढच्या वर्षी एकदा दोघी लग्नाला गेल्या होत्या. कांडपावर कामाला ठेवलेली पोरगी एकटी होती. एक बाई चार किलो पाकिटं न्यायला आली. भरलेली पाकिटं संपलेली. चटणी पिंपात होती, पण ती कुठल्या पोत्यातली ते लिहिलेली चिठ्ठी पिंपावरून पडून गेली होती. पोरीनं चटणी दिली नाही.

“चार किलो?” सासू परतल्यावर कडाडली. “अगं, त्या पिंपात आपलीच मिरची हाय, नूलची! मला म्हाईत हाय की!”

“तुमाला म्हाईत हाय, आज्जी. मला न्हवतं. मग पाकिटावर काय लिवू?”

सासू जराशी थांबली. मग सुनेकडं वळून म्हणाली, “चिठ्ठ्या कागदाच्या नको. पत्र्याचे बिल्ले करून आन, पिंपाला तारंनं बांधायला. आनि त्या बाईचा नंबर घेतलायस का गं, पोरी?”

घेतला होता.