घट्ट सांधा, मोकळे तोंड

पिस्तुलाच्या मुठीत गोळ्यांची मॅगझिन खालून सरकवतात. जॉन ब्राउनिंगने घडवलेले आणि अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलेले पिस्तूल घ्या. त्याच्या मुठीचे तोंड मॅगझिनपेक्षा जेमतेम मोठे आहे. सावकाश भरायला ते पुरते. पण १९७६ साली मिसुरीतल्या कोलंबिया येथे ज्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या स्पर्धांत मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. नेमबाज एका निशाण्याकडून दुसऱ्याकडे पळता पळता मॅगझिन बदलतो. नजर पुढे असते, हात घाईत असतो. मॅगझिन जराशी तिरकी आली की कडेला अडते आणि सेकंद निघून जातो.

यावर अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांचा जुना तोडगा म्हणजे मॅगवेल. मुठीच्या खाली बसवायचे हे पसरट तोंडाचे धातूचे नरसाळेच. तिरकी आलेली मॅगझिन त्याच्या उतारावरून घसरत सरळ होते. तिथे ते बसवण्याचे काम अनेकजण घरच्या टेबलावरच करतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून हे दृश्य तिकडचेच.

विकत आणलेले मॅगवेल क्वचितच नेमके बसते. दोष कारागिराचा नाही. दुसऱ्या महायुद्धात हेच पिस्तूल टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने बनवले, रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने बनवले. शिवणयंत्रांच्या सिंगरनेही ५०० नग करून दिले. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलाला बसलाच पाहिजे, ही लष्कराची अट होती. ती पाळायची तर प्रत्येक मापाला थोडी सूट द्यावी लागते. त्या सुटीमुळे एकाच नमुन्याची दोन पिस्तुलेही केसाच्या अंतराने वेगळी निघतात. मग मॅगवेल बनवणारा शहाणपणाने जास्तीचा धातू शिल्लक ठेवतो आणि उरलेले काम बसवणाऱ्यावर सोपवतो.

ते काम असे. आधी पिस्तूल रिकामे आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, गोळ्या त्या खोलीतच ठेवायच्या नाहीत. मग सांध्याच्या जागेवर निळा रंग पातळ लावायचा, भाग दाबून बसवायचा, पुन्हा काढायचा. जिथे रंग पुसला गेला तिथे धातू उंच आहे. कानस फक्त तेवढ्यावर, दोन-चार हात. पुन्हा रंग, पुन्हा बसवणे. शक्य तोवर कानस नव्या भागावर चालवायची, मूळ सांगाड्यावर नाही. भाग बिघडला तर दुसरा आणता येतो. अमेरिकी कायद्याच्या लेखी सांगाडा म्हणजेच पिस्तूल, त्याच्यावरच क्रमांक असतो. शेवटी आतून बोट फिरवले तर सांगाडा कुठे संपला आणि मॅगवेल कुठे सुरू झाले हे कळता कामा नये. नखाला लागेल एवढीही पायरी राहिली, तर मॅगझिन नेमकी तिथेच अडेल आणि रुंद तोंडाचा उपयोग शून्य.

या एवढ्याशा भागाला दोन बाजू आहेत आणि त्यांचे स्वभाव उलटे आहेत. पिस्तुलाला चिकटणारी बाजू कणाचीही सूट देत नाही. हाताकडे पाहणारी बाजू मात्र म्हणते, कसाही ये, मी सांभाळून घेते. मोकळेपणा त्या घट्टपणाच्या जिवावर उभा आहे. ज्याने टेबलावर, सवडीने, कोणी पाहत नसताना आळस केला नाही, त्यालाच घाईच्या क्षणी चुकण्याची मुभा मिळते.

या मुभेलाही किंमत पडते. मूठ खालून जाड होते, कपड्याखाली दडत नाही. मॅगझिनला जाड बूड लावावे लागते, नाहीतर ती पुरती आत जाण्याआधीच तळहात मॅगवेलच्या कडेला टेकतो. स्पर्धेच्या काही गटांत तर मॅगवेलला मनाईच आहे. सगळीकडे मोकळे तोंड हवेच असे नाही. जिथे माणूस घाईत किंवा घाबरलेला येणार, तिथे हवे.

आपल्याकडे बहुधा उलटे घडते. अर्जाचा नमुना तयार करणारा आपल्या कामात सैल राहतो. तीच माहिती तीन ठिकाणी विचारतो, रकाना अपुरा ठेवतो. आणि मग तो भरणाऱ्याची एक खाडाखोड दिसली की अर्ज परत. स्वतःच्या सांध्याला सूट आणि समोरच्याच्या हाताला अजिबात नाही. शिस्तीचा आग्रह धरणाऱ्याने आधी एवढेच पाहावे, की ती शिस्त आपण कोणत्या बाजूला लावतो आहोत. आपल्याकडच्या बाजूला लावली तर तिला कसब म्हणतात. फक्त समोरच्याच्या बाजूला लावली, तर तो नुसता जाच.