नाणे कोणाचे?

ज्या वस्तूस बाजारात फारसे मोल नाही, तिच्याबाबत नीतीचा प्रश्न उद्भवतो काय? आमच्यापुढे हा प्रश्न उभा केला तो काशाच्या एका चिमुकल्या नाण्याने. आकाराने ते करंगळीच्या नखाहून थोडेसेच मोठे, वजनाने जेमतेम एक ग्रॅम. एका बाजूस रोमन सम्राट आर्केडियस याचे झिजलेले मुख. दुसऱ्या बाजूस एका बंदिवानास फरफटत नेणारी विजयदेवता, आणि भोवती ‘राज्याचे क्षेम’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे. क्षेम राज्याचे, बंदिवानाचे काय, हे अर्थातच लिहिलेले नाही.

हे नाणे आम्हांस मिळाले तामिळनाडूतील करूर येथे. अमरावती नदीच्या वाळूत तेथे रोमन नाणी सापडतात. भूमध्यसमुद्राच्या बाजूची टाकसाळ सोडून इतक्या दूरच्या मुलखात येऊन पडलेले ते नाणे पाहून, सदैव बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हांस त्याच्याविषयी आपलेपणा वाटला, यात नवल नाही. एका वृद्ध गृहस्थांनी मूठ उघडली, आम्ही पाकीट उघडले. “कोठे सापडले?” हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. खरे सांगावयाचे तर सुचले होते. उत्तर ऐकण्याची इच्छा नव्हती.

कारण उत्तर मिळाले असते तर कर्तव्यही मागोमाग आले असते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा ज्यास सापडेल त्याने कलेक्टरास लेखी कळवावयाचे असते: काय सापडले, कोठे सापडले, कधी सापडले. आयुष्यभर इतरांच्या अर्जांतील रिकामे रकाने दाखवून देणाऱ्या आम्ही स्वतःपुरता ‘कोठे’ हा रकाना कोरा ठेवला.

समर्थने मात्र आम्हांजवळ भरपूर होती. अशी नाणी असंख्य आहेत. एकाने काय बिघडते? आम्ही घेतले नसते तर ते मुशीत गेले असते. आणि शेवटी आम्ही संस्कृतीचे जतनच करीत आहोत! या शेवटच्या शब्दाशी येताच आम्हांस त्या नाण्यांचाच इतिहास आठवला. इ. स. २९४ च्या सुमारास डायोक्लेशियनने पाडलेले मोठे नाणे सुमारे दहा ग्रॅमचे होते. शंभर वर्षांत नित्याचे नाणे एका ग्रॅमच्या आसपास उतरले. मध्यंतरी, ३४८ मध्ये, नाण्यांवर ‘सुखाच्या दिवसांचे पुनरागमन’ अशी घोषणा झळकू लागली. धातूचे वजन घटत गेले तरी शब्द भारदस्तच राहिले. आमचा ‘जतन’ हा शब्दही त्याच टाकसाळीतला तर नव्हे?

नाणी असंख्य आहेत, हे खरे. पण त्यातूनच उलटा निष्कर्ष निघतो. दुर्मीळ सुवर्णमुद्रा एकटी असली तरी काही सांगते. सामान्य काशाचे नाणे एकटे जवळजवळ मुके असते. ते कोणत्या थरात, कोणत्या सोबत्यांसह पडले होते, यातच त्याचे बोलणे. म्हणजे नाणे जितके स्वस्त, तितके त्यास ठिकाणापासून तोडण्याचे नुकसान अधिक. मुशीचा धोकाही खोटा नाही. परंतु आज दिलेली किंमत उद्याच्या खणण्यास आमंत्रण ठरते, हेही तितकेच खरे.

२०१० साली इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात, फ्रोम गावाजवळ, धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका गृहस्थास शेतात नाण्यांनी भरलेला रांजण लागला. थोडी नाणी हाती येताच तो थांबला व त्याने पुरातत्त्वज्ञांस बोलाविले. त्यांनी रांजण थराथराने रिता केला. नाणी निघाली ५२,५०३, बहुतेक तिसऱ्या शतकातील. त्यांत कॅरॉसियसची, म्हणजे शेवटच्या काळातील, नाणी मोठ्या संख्येने अर्ध्याखालच्या थरात होती. यावरून कळले, की रांजण वर्षानुवर्षे भरत गेला नव्हता. नाणी एकाच वेळी ओतली गेली असावीत. घाईघाईने उपसली असती तर नाणी तेवढीच मिळाली असती. ही गोष्ट मात्र कायमची हरवली असती. त्या गृहस्थाची थोरवी सापडण्यात नव्हे, हात आवरण्यात आहे.

संग्रह करणे हे पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. ज्या नाण्याची कुळकथा ठाऊक आहे ते कायदेशीर मार्गाने घ्यावे, जपावे, अभ्यासावे. संग्राहकांच्या चिकाटीने नाणेशास्त्राची मोठी सेवा घडली आहे. परंतु ‘कोठून?’ हे विचारण्याचे धैर्य ज्यास नाही, त्याच्या संग्रहास आम्ही यापुढे संग्रह म्हणणार नाही; तो केवळ साठा.

पुढे रजेत आम्ही पुन्हा करूरला गेलो आणि राहिलेला प्रश्न त्या वृद्धांस विचारला. त्यांनी संपूर्ण नदीवरून हात फिरविला व म्हणाले, “पात्रात.” वर्षापूर्वी विचारले असते तर कदाचित एखादे वळण, एखादा घाट त्यांनी दाखविला असता. आम्ही तेवढा एकच शब्द, खरेदीची तारीख आणि आमचे नाव कागदावर लिहिले व नाण्यासह तो कागद तेथील सरकारी वस्तुसंग्रहालयात नेऊन दिला. पाकिटाची ती घडी रिकामी झाली, हे आम्हांस जाणवते. कोरा राहिलेला रकाना मात्र आता कोणासच भरता येणार नाही.