आप्त कोण?

१९८०च्या दशकात अमेरिकी टीव्हीवर खोकल्याच्या औषधाची एक जाहिरात लागायची. त्यातला गृहस्थ सुरुवातीलाच सांगायचा, की मी डॉक्टर नाही, पण मालिकेत डॉक्टरचं काम करतो. मग विक्स फॉर्म्युला ४४ हे औषध का घ्यावं, ते तो समजावून सांगायचा. कंपनीला ही कल्पना इतकी आवडली, की १९८६ मध्ये दुसऱ्या मालिकेतला नट घेऊन तिने ती पुन्हा वापरली. गंमत अशी, की या माणसाने काहीच लपवलं नव्हतं. आपल्याला अधिकार नाही हे तो स्वतःच सांगत होता, तरी लोक ऐकत होते.

तर्कशास्त्रात याला मिथ्या अधिकाराचा दोष म्हणतात. त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे इंजिन ऑइलची शिफारस करणारा क्रिकेटपटू. यावरून वाटतं, की उपाय सोपा आहे : नटाला सोडा, तज्ज्ञाला विचारा. पण एवढ्याने भागत नाही.

१९४६ मध्ये कॅमल सिगारेटच्या कंपनीने अमेरिकेत एक मोहीम सुरू केली. इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा जास्त डॉक्टर कॅमल ओढतात, असा तिचा दावा होता. त्यासाठी १,१३,५९७ डॉक्टरांना विचारल्याचंही छापलं होतं. इथे नाव घेतलं होतं ते खऱ्या डॉक्टरांचं. पण डॉक्टर काय ओढतो ही त्याची सवय झाली, त्याचं ज्ञान नव्हे. पाच वर्षांनी, १९५१ मध्ये, रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघा संशोधकांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती मागवली. सुमारे चाळीस हजार जणांनी उत्तरं दिली. त्यांच्यापैकी कोण कशाने दगावतं याची नोंद ठेवली गेली, आणि १९५४ पासून आलेल्या निष्कर्षांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं ठळक केलं. प्रश्न दोन्हीकडे डॉक्टरांच्या सिगारेटचाच होता. जाहिरातीला त्यांचा पांढरा कोट पुरेसा होता, संशोधकांनी त्यांची आयुष्यं मोजली.

या दोषाला लॅटिन नाव दिलं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने, १७व्या शतकाच्या अखेरीस : ‘आर्ग्युमेंटम ॲड व्हेरेकुंडियम’. यातल्या ‘व्हेरेकुंडिया’चा अर्थ अधिकार असा नाही. त्याचा अर्थ लाज, संकोच, विनय. मराठीत यासाठी चपखल शब्द आहे : भीड. लॉकचं म्हणणं असं, की वादात मोठं नाव पुढे केलं की समोरच्याला विरोध करणं उद्धटपणाचं वाटतं आणि तो गप्प बसतो. म्हणजे हा दोष नुसत्या बोलणाऱ्याच्या लबाडीवर चालत नाही. ऐकणाऱ्याच्या भिडेवरही चालतो. भीड ही भिकेची बहीण, असं आपली म्हण सांगते. मात्र मोठ्यांना उलट प्रश्न विचारू नये, हेही आपल्याला घरातच शिकवलं जातं.

साहित्यात ही भीड आणखी गाढ असते, कारण लेखकावर आपलं प्रेम असतं. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल यांचंच पाहा. इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात दोन मुलींनी १९१७ मध्ये पऱ्यांसोबत काढलेली छायाचित्रं त्यांना खरी वाटली. १९२०च्या डिसेंबरमध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी त्यांवर लेख लिहिला आणि १९२२ मध्ये पुस्तकही काढलं. होम्सच्या कथाही याच ‘स्ट्रँड’मधून येत असत. राखेवरून तंबाखू ओळखणाऱ्या गुप्तहेराचा निर्माता फसणार नाही, असं कुठल्याही वाचकाला वाटावं. पण होम्सची बुद्धी कथेतली होती, आणि कथेत गुन्हेगार लेखकाला आधीच माहीत असतो. १९८३ मध्ये, म्हातारपणी, त्या दोघींनी कबूल केलं, की पऱ्या कागदी होत्या. त्यांची चित्रं १९१४च्या एका बालपुस्तकावरून काढली होती. त्या पुस्तकात डॉईल यांचीही एक कथा होती.

डॉईल प्रामाणिक होते, म्हणून हे उदाहरण महत्त्वाचं. आज आपल्या फोनवर पु. ल., व. पु. आणि आइनस्टाइन यांच्या नावाने रोज जे येतं, त्यातलं कितीतरी त्यांनी लिहिलेलंच नसतं. तिथे नाव म्हणजे नुसता शिक्का.

मग कुणाचंच ऐकू नये का? तसं जगता येत नाही. विमानात बसताना आपण वैमानिकाची परीक्षा घेत नाही. भारतीय न्यायदर्शनाने दुसऱ्याच्या शब्दाला प्रमाण मानलं, पण तो शब्द ‘आप्ता’चा असावा अशी अट घातली. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते आप्त तो, ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळली आहे आणि ती जशी कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे, असंही तो सांगतो. यातून दोन प्रश्न मिळतात. याला हे कळतं का? आणि कळतं तसंच तो सांगतोय का? मालिकेतला डॉक्टर पहिल्या प्रश्नाला अडतो. पैसे घेऊन शिफारस करणारा खरा डॉक्टर पहिल्यातून सुटतो, पण दुसऱ्याला त्याने उत्तर द्यायला हवं.

पुढे मराठीत ‘आप्त’ या शब्दाचा अर्थ नातेवाईक असा झाला. परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांची अडचण इथेच आहे. न्यू जर्सीत संगणकाचं काम करणाऱ्या भाच्याला मावशी फोनवर विचारते, गुडघ्याचं ऑपरेशन करू का? तिच्या लेखी तो दोन्ही अर्थांनी आप्त असतो : घरचा, शिवाय ‘तिकडचा’. तो सहज म्हणून गेला, की इकडे हल्ली असलं कुणी करत नाही, तर तिला तपासलेल्या सोलापूरच्या डॉक्टरचा शब्द मागे पडतो. गुडघ्याबद्दल भाच्याला काही कळत नाही. पण मावशीला भीड पडते, आणि तिची मुलंही गप्प बसतात.

दुसरा प्रश्न भाच्याला अधिक जड जाणारा आहे. सल्ल्याचे त्याला पैसे मिळत नाहीत, हे खरं. पण दूर राहण्याची बोच असते. तिच्याजवळ बसता येत नाही, दवाखान्यात सोबत जाता येत नाही, तेव्हा सल्ला देऊन आपण अजून घरच्या उपयोगी आहोत असं वाटून घेता येतं. हाही स्वार्थच आहे, मायेतून आलेला असला तरी.

अशा वेळी ‘मावशी, मला यातलं कळत नाही’ एवढं म्हणणं हे भाच्याचं कर्तव्य आहे असं मला वाटतं. तिने आदराने देऊ केलेला अधिकार नाकारताना आपण थोडे लहान होतो, ते सोसावं. आणि मग तिथेच न थांबता, डॉक्टरांना काय काय विचारायचं ते तिच्यासोबत लिहून काढावं. तपासणीच्या वेळी फोन चालू ठेवून त्यांचं उत्तर तिच्याबरोबर ऐकावं.