पान आणि अर्क

गेल्या महाशिवरात्रीची गोष्ट. होसकोटे हे बंगळूरच्या पूर्वेचे गाव, एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणारे. नोकरीनिमित्त येथे येऊन राहिलेली आम्ही चारदोन मराठी कुटुंबे. शेजारच्या एका उत्तर भारतीय घरी त्या रात्री थंडाई होती आणि तीत भांग घोटलेली होती. वडीलधाऱ्यांनी पेले घेतले, आम्हीही घेतला. दोनच दिवसांनी आमच्यापैकी एका घरी रडारड झाली. कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत गांजाच्या तेलाची काचेची नळी सापडली होती. ज्यांनी थंडाईचे पेले रिते केले होते त्यांनीच मुलाला समज देण्यास आम्हांस बसविले. मुलगा उद्धट नव्हता. त्याने एवढेच विचारले, "काका, तुम्ही प्यालात ते त्याच झाडाचे पान. माझ्याजवळ सापडला तो त्याच झाडाचा अर्क. तुमचा तो सण आणि माझा तो गुन्हा, हे कसे?"

"कायदा आहे," असे आम्ही म्हणालो खरे; पण कचेरीत टिपणे लिहिण्यात आयुष्य चाललेल्या माणसास हे पुरते ठाऊक असते की, नियम दाखविणे म्हणजे कारण देणे नव्हे.

कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय अधिनियमात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. शेंड्यांवाचून असलेली नुसती पाने आणि बिया त्यातून वगळलेल्या आहेत. चरस म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ, आणि तिच्याच व्याख्येत घट्ट केलेले अर्क व हशीश तेल येते. अल्प प्रमाणाची मर्यादा गांजाला १००० ग्रॅम, तर चरसाला अवघी १०० ग्रॅम. भांग या अधिनियमाखाली येत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर म्हटले. तेव्हा मुलाचे वर्णन बिनचूक होते. प्रश्न उरतो तो असा की, या भेदाला नीतीचा काही आधार आहे की नाही?

पहिले उत्तर रूढीचे: भांग शंकराला प्रिय, म्हणून ती चालते. परंतु शंकराचे नाव घेऊन चरसाची चिलीमही ओढली जाते. रूढी एखाद्या गोष्टीचे वय सांगते, तिची योग्यता नव्हे.

दुसरे उत्तर तीव्रतेचे. सत्त्व काढण्याच्या रीती अनेक आहेत. हिमाचलातील मलाण्यास ओली झाडे तळहातांवर चोळून राळ काढतात. अन्यत्र वाळलेले फुलोरे चाळणीतून गाळतात. अलीकडे बर्फाचे पाणी, उष्णता व दाब, किंवा ब्यूटेनसारखे द्रावक वापरून अर्क काढतात. ज्या द्रव्याने प्रामुख्याने नशा येते ते टीएचसी १९६४ साली शुद्ध रूपात वेगळे करून ओळखण्यात आले. आजच्या फुलोऱ्यात ते शेकडा पंधरा-वीस असणे नवल नाही. काही अर्कांत ते शेकडा ऐंशीच्याही पुढे जाते. तथापि मुलगा म्हणू शकला असता, "मी एकच थेंब घेईन." आणि तो थेंब आमच्या पेल्याहून सौम्यही ठरला असता. केवळ तीव्रतेने वस्तू पापी ठरत नाही. औषधेही तीव्रच असतात.

१८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने अकराशेंहून अधिक साक्षी घेतल्या. मित सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. म्हणून सरसकट बंदी नको, कर व नियंत्रण हवे, असा त्याचा १८९४ चा निष्कर्ष होता. पण त्या साक्षीदारांचे 'मित' हे पान, फुलोरा आणि राळ यांवरून मोजलेले होते. आणि मित राहावयाचे तर माणसास थांबण्याला जागा हवी. आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे.

भांग धुवावी लागते, वाटावी लागते, वस्त्रगाळ करून दुधात मिसळावी लागते. चार माणसे पाहत असतात. चिलीमसुद्धा बैठकीत हातोहात फिरते आणि आपली पाळी येईतो वेळ जातो. अर्क काढताना झाडाचा चोथा तेवढा बाहेर पडत नाही. वेळ, कष्ट, उग्र वास आणि सोबतही गाळली जाते. उरते ते खिशात मावते, क्षणात वाफ होते आणि घेणाऱ्यास कोणी पाहत नाही. मनुष्याला आवरणारे जे जे होते, ते सारे चोथ्याबरोबर फेकले गेले.

हे उत्तर आम्हांस पटले, पण त्याने आमचीही सुटका होईना. पोटातून घेतलेली भांग तास-दीड तास चढत नाही. तेवढ्यात "काहीच झाले नाही" म्हणून दुसरा पेला घेणारे आम्ही त्याच रात्री पाहिले. आम्ही एकावर थांबलो तो संयमाने नव्हे. शेजारच्या वहिनींनी भांडे आत नेले म्हणून थांबलो. म्हणजे आमच्या नीतीचे कुंपण दुसऱ्याने घातलेले होते. मुलाला ते कुंपण नव्हते, आणि ते घालण्याचे काम ज्यांचे होते त्यांत आम्हीही होतो. परक्या गावी येऊन आम्ही त्याला खोली दिली, फोन दिला. सोबत दिली नाही.

वडील त्याला कॉलेजातून काढून गावी धाडण्यास निघाले होते. आम्ही त्यांस अधिनियमाचे कलम ६४-अ दाखविले. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी मनुष्य आपण होऊन सरकारी वा सरकारमान्य संस्थेत उपचार घेईल, तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. मुलगा व्यसनी होता की नव्हता, हे ठरविणे डॉक्टरचे काम. आम्हांस दाखवावयाचे होते ते इतकेच की, कठोर कायद्यानेदेखील थांबू पाहणाऱ्यासाठी जागा ठेवली आहे. बापाने ती ठेवू नये काय?

वडील गप्प राहिले. पण गावचे तिकीट काढले नाही. मग आम्ही मुलाकडे वळलो आणि समज देण्याआधी त्या पेल्याची खरी हकीगत त्याला सांगितली.